‘समजले’ कोण म्हणालं?

१

पडद्यावर शून्य उमटलं आणि चौकशीच्या खोलीतल्या मंडळींनी एकदम श्वास सोडला. सुटकेचाच श्वास तो. अपघाताला जबाबदार कोण, हा प्रश्न त्या एका आकड्याने निकालात काढला होता, आणि ज्याच्या गळ्यात ती जबाबदारी पडली तो माणूस तिथे हजरही नव्हता. तो इस्पितळात होता. जबडा तारांनी आवळलेला, उजवा हात प्लास्टरमध्ये.

तो आकडा जिच्या स्क्रिप्टने, म्हणजे नोंदींत शब्द शोधणाऱ्या छोट्या प्रोग्रामने काढला, ती त्या माणसाची सून होती.

रोपवे कंपनीच्या नोंदी ती सांभाळायची. तिला सगळे उकरी म्हणत, कारण हरवलेली कुठलीही गोष्ट ती उकरून काढायची. मिटलेली भांडणंही, असं तिचा नवरा म्हणायचा. पण तो जहाजावर नोकरीला असल्याने त्याचं म्हणणं सध्या समुद्रातच होतं.

घडलं होतं ते असं. डोंगराच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत एक तार जाते. तारेच्या दोन टोकांना दोन ट्रॉल्या. एक चढते तेव्हा दुसरी उतरते, विहिरीवरच्या दोन बादल्यांसारखी. गेल्या पंधरवड्यात भर दुपारी माणसांनी भरलेली ट्रॉली अर्ध्या वाटेवरून मागे घसरली आणि खालच्या भिंतीवर आदळली. एका बाईचा जीव गेला, बाकीच्यांची हाडं मोडली. माथ्यावर ब्रेकपाशी उकरीचे सासरे होते. त्यांनी हाताने फिरवायचं चाक अंगाच्या जोराने रोखायचा प्रयत्न केला. चाक उलटं फिरलं आणि त्यांच्या जबड्यावर बसलं.

आता आरोप असा, की ब्रेक बिघडत असल्याचं त्यांनी आधी कळवलंच नाही. सिद्ध झालं तर तुरुंग.

रोपवेचा एक कडक नियम आहे. धोक्याची सूचना आपल्या मनाच्या शब्दांत द्यायची नाही. त्यासाठी ठरलेलं वाक्य आहे: ‘ब्रेक पूर्ण धरत नाही, वाहतूक थांबवून तपासणी करावी.’ वरच्या माणसाने ते यंत्रावरून जसंच्या तसं पाठवायचं, मग हवं तर पुढे स्वतःचे चार शब्द जोडायचे. खालच्याने वाचायचं आणि ‘समजले’ असं लिहिलेलं बटण दाबायचं. बटण दाबलं की त्याच्यासमोरचा पडदा कोरा होतो, नोंद मात्र राहते. घाईत कोणी कुणाचा भलताच अर्थ काढू नये म्हणून ही सगळी शिस्त.

म्हणून चौकशीत व्यवस्थापक साहेबांनी उकरीला तेच वाक्य दिलं आणि म्हणाले, “सगळ्या संदेशांत शोधा.” तिने शोधलं. शून्य.

“झालं तर मग,” साहेब म्हणाले. “मॅडम, इथे सही करा. सूचना दिलेली नव्हती, एवढंच लिहिलंय.”

“नाही करणार.”

“स्क्रिप्ट तुमचीच ना?”

“माझीच. म्हणूनच सांगते. हे वाक्य मला दिसलं नाही, एवढंच ती म्हणाली. माणूस गप्प बसला होता, हे तुम्ही म्हणताय.”

“अहो, भरलेली ट्रॉली चढताना घसरली, बाई गेली! आणि तुम्ही शब्दांचे खेळ करता? सासरे आहेत म्हणून?”

“सासरे आहेत म्हणूनच सही सोपी होती, साहेब. सही केली असती तर सगळे म्हणाले असते, बघा, घरच्या माणसालाही सोडलं नाही. मला ती वाहवा नको.”

चौकशीला नेमलेल्या बाई निवृत्त न्यायाधीश होत्या. त्यांनी दोरीला बांधलेला चष्मा काढला. “उद्या सकाळी शेवटची बैठक आहे. तुमच्याकडे काही असेल तर घेऊन या. नसेल तर सहीशिवायही निष्कर्ष लिहिता येतो.”

“आणि तोवर ह्यांना नोंदींना हात लावू देऊ नये,” साहेबांनी हात पुढे केला. “आरोपीच्या नात्यातल्या आहेत.”

बाईंनी मान डोलावली. उकरीने गळ्यातलं किल्लीचं कार्ड काढून साहेबांच्या तळहातावर आपटलं.

“घ्या. डोकं मात्र घरी नेतेय.”

तिथून ती तडक इस्पितळात गेली. सासऱ्यांना ती मामंजी म्हणायची. मामंजींना बोलता येत नव्हतं, लिहायचा हात बांधलेला, पण डोळे टक्क उघडे होते.

“मामंजी, एकच विचारते. ते वाक्य तुम्ही पाठवलं होतं?”

मान हलली. हो. मग त्यांनी डावा हात चादरीतून बाहेर काढला आणि तीन बोटं वर केली.

२

खालच्या स्थानकातला ऑपरेटर पोपट म्हणून ओळखला जाई. डोळ्यांपुढे आलेलं प्रत्येक अक्षर तो मोठ्याने वाचायचा. दुकानाची पाटी, औषधाची बाटली, काही चालायचं. त्याच्या बायकोला म्हणे वर्तमानपत्र विकत घ्यावंच लागत नसे, शेजाऱ्याचं तो येता-जाता वाचून दाखवायचा.

“ताई, माझ्यासमोर ते वाक्य कधी आलं असतं, तर अर्ध्या स्थानकाला ऐकू गेलं असतं,” तो म्हणाला. आवाज रडवेला होता. “देवाशप्पथ नाही आलं.”

“देव राहू दे. मामंजी खोटं बोलत नाहीत, तूही बोलत नसशील. मग तिसरं कोणी असेल. तू खुर्चीवरून कधी उठतोस?”

“जेवायला. दुपारी. आणि तेव्हाच नेमकी गर्दी! वर ते खाण्यापिण्याचं हॉटेल आहे ना, जेवायच्या वेळी नुसती रीघ लागते वर जायला. बाकी दिवसभर जाणारे तेवढे येणारे.”

“तेव्हा खुर्चीवर कोण?”

पोपटाने इकडेतिकडे पाहिलं. “कधी आपला पाना बसतो. कधी साहेब स्वतः. त्यांना हौस आहे हो, बटणं दाबायची. कोण कधी बसलं ते कुणी लिहून ठेवत नाही. अपघाताच्या दिवशी पाना होता. मी घास टाकून धावत आलो. भरलेली ट्रॉली चढता चढता मागे आली, ताई. मी इथून बघितली.”

पाना म्हणजे देखभालीचा इंजिनीअर. खिशात कायम एक पाना, म्हणून ते नाव.

तेवढ्यात टेबलावरचं यंत्र टुणकन वाजलं. रोपवे बंद होता, पण माथ्यावरचं यंत्र रोज एक चाचणी संदेश आपोआप पाठवायचं. उकरीने वाकून पाहिलं. पडदा कसला, पट्टीच ती, हाताच्या बोटांत मावेल एवढी. ओळीवर दोन-तीन शब्द बसले की पुढचे खालच्या ओळीत.

पोपट सवयीने वाचू लागला. “वर, चाचणी संदेश आहे. वर, उत्तराची गरज. वर, नाही.” त्याने बटण दाबलं. “बघितलंत? उत्तराची गरज म्हणतो आणि मग थांबून नाही म्हणतो. जुना पडदा चांगला ऐसपैस होता. हे नवं खेळणं आल्यापासून मी ठेचकाळत वाचतो.”

“हे मधूनमधून वर, वर काय?”

“यंत्रच लावतं ते, प्रत्येक ओळीच्या डोक्यावर. संदेश वरून आला हे कळावं म्हणून. आमच्या उत्तरावर खाली असं लागतं.”

“हे यंत्र बदललं ते नोंदींच्या खोलीला कुणी कळवलं होतं?”

“कळवायचं असतं का?” पोपटाने निरागसपणे विचारलं.

उकरी उत्तर देणार तोच दारात सावली पडली. साहेब उभे होते.

“मॅडम, तुम्हाला इथे यायची परवानगी कुणी दिली?”

“स्थानक लोकांसाठी उघडं आहे. मीही लोकच आहे.”

“परवापासून रोपवे सुरू होतोय. उद्या निष्कर्ष आला की लगेच. त्यात खोडा घालायचा प्रयत्न केलात, तर नोकरी विसरा.”

“नोकरी विसरेन, साहेब,” ती म्हणाली. “बाकी काही विसरायची मला सवय नाही.”

३

पान्याचं वर्कशॉप तेलाच्या वासाने भरलेलं होतं. माणूस उमदा. हातातलं काम टाकून उठला, एका स्टुलावर स्वच्छ फडका अंथरला, चहा पुढे केला.

“वहिनी, काका माझे गुरू. ह्या डोंगरावर मला त्यांनीच चढवलं. पण खरं सांगू? वय झालं त्यांचं. पाठवायचं राहून गेलं असेल. मी बाईंना सांगणार आहे, शिक्षा कमी करा म्हणून.”

“तुमचे उपकार. पण जे केलंच नाही त्याची शिक्षा कमी कशाला, ती नकोच आहे.” तिने चहाला हात लावला नाही. “ब्रेकचा नवा पट्टा तुम्ही बसवलात ना?”

“मीच. काका म्हणत होते, जुन्या जातीचाच घे. मी म्हटलं, काका, हा एकदा बसवा आणि विसरा. सगळ्यांदेखत पैज लावली होती मी!” तो हसला, मग हसू आवरलं. “बसवल्यापासून मी वर पाऊलसुद्धा टाकलेलं नाही. तक्रारच नाही, तर जायचं कशाला?”

“तरी घसरला.”

“अहो, लोखंड आणि पट्टा, त्यात अमरपट्टा कुणाला मिळालाय? रिकामी ट्रॉली सोडताना एखाद्या वेळी सरकला असेल जरासा. पण मग काकांनी कळवायला नको? कळवलं असतं तर धावत गेलो असतो मी.”

“आणि साहेब? दुपारी खुर्चीवर कधी कधी ते बसतात म्हणे.”

पान्याने दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “त्यांच्याबद्दल मी काय बोलणार? गर्दीच्या दिवसांत वाहतूक थांबवा म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो, एवढंच सांगतो. माझं नाव घेऊ नका.”

उकरी उठली. सगळं बोलणं सरळ होतं, तरी चालताना तिला वाटत राहिलं, की चपलेत कुठेतरी खडा गेलाय. वाकून पाहिलं की दिसत नाही आणि पाऊल टाकलं की टोचतो.

मागून पान्याने हाक मारली. “काळजी करू नका, वहिनी. परवा पलीकडची दुसरी तारही चालू करतोय. तिलाही मी हाच पट्टा बसवलाय. आता दोन्ही तारांवर ट्रॉल्या भरभरून जातील.”

आता प्रश्न एकट्या मामंजींचा राहिला नव्हता.

४

घरी सासूबाई नवऱ्यासाठी सूप गाळत होत्या. नळीतून ओढता येईल इतकं पातळ.

“काय ग, तोंड का पाडलंस?”

“पाडलं नाही, आई. कुणाला तरी चावायच्या तयारीत आहे.”

“मग आधी जेव. उपाशीपोटी चावलं की दात दुखतात. तो मोठा डाव दे बरं मला, लांब दांड्याचा.”

उकरीने ओट्याखालचा खण ओढला. चमचे, झाकणं, सुऱ्या. डाव नव्हता. तिने खण बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा खाली-वर केलं.

“खणात काय शोधतेस?” सासूबाई वळून म्हणाल्या. “त्या खणात तो कधी मावलाय का? दांडा खणाहून लांब आहे. हजारदा उघडलास तरी तिथे नाहीच सापडायचा. भिंतीला टांगलाय बघ, तुझ्या नाकासमोर.”

उकरीचा हात खणावरच राहिला.

तिची स्क्रिप्ट कसं शोधते? एकेक ओळ उचलते. त्या ओळीच्या पोटात दिलेले शब्द, दिलेल्या क्रमाने, सलग सापडतात का ते पाहते. सापडले तर एक मोजते, नाहीतर पुढची ओळ. ऐसपैस पडद्याच्या काळात अख्खं वाक्य एका ओळीत मावायचं, म्हणून हे चालायचं. आता यंत्र प्रत्येक वाक्याचे तुकडे करतं आणि तुकडे तसेच नोंदीत जातात. ओळ वीतभर, वाक्य हातभर. ते वाक्य मामंजींनी तीनदा पाठवलं असतं काय आणि रोज पाठवलं असतं काय, उत्तर शून्यच येणार होतं. ते शून्य मामंजींनी काय केलं हे सांगतच नव्हतं. खण किती लांब आहे तेवढंच सांगत होतं.

आणि नुसता ‘ब्रेक’ हा शब्द शोधून उपयोग नव्हता. ब्रेक सोडला, ब्रेक लावला, असे संदेश प्रत्येक फेरीला जातात. त्या ढिगाऱ्यात सुई गेली की गेलीच.

“आई!” तिने सासूबाईंना हातातल्या गाळणीसकट मिठी मारली. “तुम्ही काय बोललात ते तुम्हाला तरी कळलं का?”

“डाव भिंतीला आहे म्हटलं. त्यात कळायचं काय? सोड, सूप सांडेल.”

डाव काढून देताना उकरीने गंमत म्हणून तो ओट्याच्या कडेवर आडवा धरला. एका टोकावर वाटी ठेवली, दुसऱ्या टोकाला काहीच नाही. विहिरीवरच्या दोन बादल्या. एक भरलेली, एक रिकामी. वाटी खाली गेली, रिकामं टोक वर उडालं. ती त्या वर उडालेल्या टोकाकडे बघत राहिली, आणि मग चपलेतला खडा सापडला.

“आई,” ती हळूच म्हणाली, “कोण ते कळलं मला.”

सासूबाईंनी गॅस बंद केला. “मग सांग जाऊन.”

“माझ्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार? ते शोधून दाखवायला हवं. आणि शोधायची किल्ली साहेबांच्या खिशात आहे.”

“खिसा माणसालाच असतो ना? मग माणसाला सगळ्यांसमोर विचार. चारचौघांत नाही म्हणायला जास्त बळ लागतं.”

५

“पुन्हा शोध?” सकाळच्या बैठकीत साहेब ताडकन उभे राहिले. “काल झाला की! त्याच स्क्रिप्टने, ह्याच मॅडमनी!”

“काल मी विचारताना चुकले,” उकरी म्हणाली. “आज नीट विचारते. तुम्हाला भीती नसेल तर किल्ली तुम्हीच लावा. माझ्या शेजारी उभे राहा, प्रत्येक अक्षर बघा.”

चौकशीच्या बाईंनी साहेबांकडे नुसतं पाहिलं. किल्ली लागली.

“त्याआधी एक प्रश्न,” उकरी वळली. “पाना, काल तुम्ही मला म्हणालात की ब्रेक एखाद्या वेळी सरकला असेल. कधी, ते बाईंनाही सांगाल?”

“सांगितलं की. रिकामी ट्रॉली सोडताना वगैरे. म्हणजे माझा अंदाज हो.”

“बाई, हे शब्द लिहून घ्याल? रिकामी ट्रॉली सोडताना.”

बाईंनी भुवई उंचावली, पण लिहिलं.

उकरी बसली. पडदा भिंतीवर दिसत होता. “नवीन यंत्र वाक्याचे तुकडे करून वेगवेगळ्या ओळींत ठेवतं. माझी स्क्रिप्ट एकेका ओळीत बघत होती, म्हणून अख्खं वाक्य तिला दिसणं शक्यच नव्हतं. आता मी सगळ्या ओळी एकीला एक जोडते, आणि मग शोधते.”

तिने कळ दाबली.

शून्य.

कुणीतरी खुसखुसलं. साहेबांनी हात पसरले. पाना दयेने म्हणाला, “वहिनी, पुरे आता. स्वतःला किती त्रास करून घ्याल?”

उकरीने कळीवरून हात काढला नाही. तीन बोटं. चादरीतून आलेली ती तीन बोटं खोटी नव्हती. तिने जोडलेला मजकूर जरा खाली सरकवला, आणि मागच्या बाकावरून पोपटाचा आवाज आला. बिचाऱ्याला सवय. “वर, ट्रॉली सुटली वारा, वर, कमी आहे ब्रेक, वर, सोडला...”

“पोपटराव,” उकरी न वळता म्हणाली, “तुमचं तोंड आज सोन्याने मढवलं पाहिजे.”

ओळी जोडल्या, तशा त्यांच्या डोक्यावरच्या खुणाही मध्ये शिरल्या होत्या. वाक्याच्या शब्दांत यंत्राचे ‘वर’ घुसून बसले होते, आणि स्क्रिप्ट सलग शब्द मागत होती.

“आता मी तिला असं सांगते,” ती बोलत बोलत लिहू लागली. “शब्द तेच, क्रम तोच. पण दोन शब्दांच्या फटीत कोरी जागा असो, ओळ तुटलेली असो, यंत्राची खूण असो, तिकडे दुर्लक्ष कर. बाकी एक अक्षर इकडचं तिकडे चालणार नाही. साहेब, बघताय ना? तुमचंच वाक्य आहे.”

कळ दाबली.

तीन.

तिन्ही ठिकाणं पडद्यावर एकाखाली एक आली. ब्रेक पूर्ण धरत. नाही, वाहतूक. थांबवून तपासणी. करावी. तिन्ही वेगवेगळ्या दिवसांची, तिन्ही अपघाताच्या आधीची, तिन्ही दुपारची. तिन्हींच्या पुढे मामंजींचे स्वतःचे शब्द जोडलेले होते, आणि लगेच खालून गेलेलं उत्तर: समजले.

बाईंनी चष्मा लावला आणि ते शब्द मोठ्याने वाचले. “रिकामी ट्रॉली सोडताना.” मग त्यांनी आपल्या कागदाकडे पाहिलं, आणि मग पान्याकडे.

“मी इंजिनीअर आहे!” पाना म्हणाला. “एवढं मला समजणारच. खुर्ची पोपटाची आहे, समजले त्याने दाबलं असेल!”

पोपट पांढराफटक पडला.

“पोपटाने वाचलं असतं तर गावाने ऐकलं असतं,” उकरी उठली. “आणि दुपारी तो जेवायला जातो. तेव्हा खुर्चीवर एक तर तुम्ही असता, नाहीतर साहेब. साहेब, अपघात कसा झाला?”

“कसा म्हणजे? भरलेली ट्रॉली चढताना घसरली.” साहेब गोंधळले होते.

“पोपटराव?”

“भरलेली चढताना, ताई. मी बघितली ना.”

“खालून बघणारा प्रत्येक माणूस हेच म्हणतो,” उकरी बाईंकडे वळली. “कारण खालून त्याला चढणारी ट्रॉलीच दिसते. मामंजी माथ्यावर असतात. त्यांच्या हातून सुटते ती उतरणारी ट्रॉली. जेवायच्या वेळी सगळे वर जातात आणि खाली कोणी येत नाही, म्हणून ती रिकामी असते. एक बादली भरलेली, एक मोकळी, सगळा भार ब्रेकवर. बिघाड एकच, पण खालचा माणूस त्याला भरलेली चढताना म्हणेल आणि वरचा माणूस रिकामी सोडताना म्हणेल. पाना, पट्टा बसवल्यापासून तुम्ही वर गेला नाहीत, हे तुम्हीच मला सांगितलं. मामंजींचं तोंड अपघातापासून बंद आहे. मग वरून दिसणारी गोष्ट, वरच्या माणसाच्याच शब्दांत, तुमच्या तोंडात आली कुठून?”

पान्याने खिशातला पाना बाहेर काढला, हातात फिरवला, परत ठेवला.

“एवढ्या दिवसांत हे शब्द फक्त एकाच जागी होते,” ती म्हणाली. आता तिचा आवाज फुटला, आणि तिने तो सावरायचा प्रयत्न केला नाही. “त्या वीतभर पट्टीवर. तुम्ही वाचलेत, तीनदा. तीनदा समजले दाबलंत. त्या माणसाने नियमावर विश्वास ठेवला. वाक्य पाठवलं, समजले आलं, म्हणजे खाली कुणाला तरी समजलं असं त्याला वाटलं! तुम्ही त्याला गुरू म्हणता, आणि त्याला तुरुंगात पाठवून वर शिक्षा कमी करून देणार होतात?”

“गर्दीचे दिवस संपले की बदलणारच होतो मी,” पाना पुटपुटला. “सगळ्यांदेखत म्हणालो होतो, बसवा आणि विसरा. लगेच काढला असता तर...”

खोलीला तेवढं पुरलं.

साहेबांनी घसा साफ केला. “मॅडम, माझा ह्यात काहीच... म्हणजे उद्याचं उद्घाटन आपण एकाच तारेवर...”

“दुसऱ्या तारेला हाच पट्टा आहे,” उकरी म्हणाली. “कालच सांगितलं ह्यांनी मला, मोठ्या अभिमानाने. एकही ट्रॉली हलणार नाही. हलवायची असेल तर आधी मला त्यात बसवा आणि मग ही खुर्ची पोपटाकडे द्या, म्हणजे माझं किंचाळणं तो मोठ्याने वाचून दाखवेल.”

बाईंनी कागद पुढे ओढला. “दोन्ही तारा बंद. आत्तापासून.” त्यांनी लिहिता लिहिता मान वर केली. “काल तुम्ही सही केली नाहीत ते बरं झालं.”

“आज करते,” उकरी म्हणाली. “आज कशावर करायची ते मला माहीत आहे.”

६

इस्पितळात सासूबाई आधीच पोचल्या होत्या, सुपाचा डबा घेऊन. उकरी पलंगाच्या कडेवर बसली आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. खण, डाव, शून्य, तीन. पान्याचं नाव आलं तेव्हा मामंजींनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. स्वतः सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर तिला कुठे दिसला नाही.

मग त्यांनी डावा हात पुढे केला. तिचा फोन मागत होते. डाव्या हाताच्या एका बोटाने, अक्षर शोधत शोधत त्यांनी लिहिलं आणि फोन तिच्यापुढे धरला.

‘दुसरी तार थांबवली का?’

ह्या माणसाला तुरुंगात घालायला निघाले होते.

“थांबवली, मामंजी,” ती म्हणाली. “बाईंनी लेखी हुकूम काढला. मी स्वतः जाऊन बघून आले. ट्रॉल्यांना साखळ्या लावल्या आहेत.”

मामंजी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तीनदा फसलेला माणूस चौथ्यांदा असाच बघणार.

तिने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. “समजले,” ती म्हणाली. “ह्या वेळी खरंच समजले.”

मग कुठे त्यांनी मान उशीवर टेकली, आणि सासूबाईंनी डब्याचं झाकण उघडलं.